बोंडू झाडाखाली का कुजतो? कोकणच्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधिमंडळातील कोकणचे सर्व सन्माननीय सदस्य
आणि मा. मंत्री, राज्य उत्पादन शुल्क

विषय : काजूच्या बोंडूपासून आणि माडाच्या रसापासून छोट्या प्रमाणावर मद्य करण्याची बागायतदाराला मोकळीक मिळावी, आणि त्यासाठी १९४९ च्या दारूबंदी कायद्यात दुरुस्ती व्हावी

सप्रेम नमस्कार.

काजूचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो आणि मेअखेरीस आटपतो. या साडेतीन महिन्यांत एक किलो बी हाती यायची तर सहा ते आठ किलो बोंडू, म्हणजे ज्याला बी लटकते ते रसाळ फळ, हाताखालून जाते. बी पिळून वेगळी केली की बोंडू तिथेच टाकला जातो. सकाळी टणक आणि रसरशीत असलेला बोंडू संध्याकाळी मऊ पडतो, दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटतो, तिसऱ्या दिवशी त्यावर चिलटे घोंगावतात. वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ या तालुक्यांत असे ढिगारेच्या ढिगारे दर वर्षी मातीत जातात. सातार्डा किंवा बांदा ओलांडून पेडण्यात गेले की त्याच फळाची फेणी होते. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा-पेय म्हणून मान दिला.

बोंडूचे दुसरे उपयोग होत नाहीत असे नाही. रसातला तुरटपणा टॅनिनमुळे येतो. लिटरमागे ५ ग्रॅम साबुदाणा शिजवून त्याची खळ रसात ढवळली की टॅनिन तळाशी बसते आणि वरचा नितळ रस सरबताला चालतो. पण त्यापुढे साखर, बाटली, पाश्चरीकरण आणि विक्री हे सगळे उभे करावे लागते, आणि कोकम सरबत आधीच घरोघर असलेल्या मुलखात त्याला गिऱ्हाईक थोडे मिळते. गुरांना घालता येतो, पण चार दिवसांत गुरे किती खाणार? हजारो टन नाशवंत फळ जागच्या जागी टिकाऊ आणि किमती करायचे तर जगभर शेतकऱ्याने एकच वाट काढली आहे. तो फळ आंबवतो आणि गाळतो. तीच वाट आपल्याकडे फौजदारी गुन्हा आहे.

कायदा काय म्हणतो ते नेमके पाहू. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या व्याख्येत स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव म्हणजे 'मद्य'. बोंडूचा रस बादलीत काढून एप्रिलच्या उकाड्यात रात्रभर ठेवला तर सकाळी त्यात अल्कोहोल असतेच. फळाच्या सालीवर यीस्ट असते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. कलम १२ खाली मद्य बनवणे आणि भट्टी उभारणे दोन्ही मना आहे. कलम ६५ खाली मद्य बनवण्यासाठी भांडे किंवा साधन जवळ बाळगणे हाही कैदेच्या शिक्षेचा गुन्हा आहे. आणि आमच्या मते सर्वांत कडक आहे ते कलम १०३. ज्याचा समाधानकारक खुलासा देता येत नाही अशी भट्टी, भांडे किंवा मद्य बनवण्याच्या दिशेने प्रक्रिया झालेला माल ताब्यात सापडला, तर उलट सिद्ध होईपर्यंत गुन्हा घडला असे धरून चालायचे. चोरीच्या किंवा खुनाच्या खटल्यात आरोप सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. इथे तांब्याचा हंडा, एक नळी आणि आंबलेला रस असलेल्या माणसाने आपण निर्दोष आहोत हे दाखवायचे.

पिणाऱ्याची स्थितीही समजून घ्या. या कायद्यात प्रौढ नागरिकाला पिण्याचा अधिकार मुळात नाही, परवाना घेतला तर ती सवलत आहे. आजीवन परवाना १००० रुपयांना मिळतो. १९४९ च्या मूळ कायद्यात तर मद्याची शिफारस करणे, त्याबद्दल चांगले बोलणे हादेखील गुन्हा होता. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बलसारा खटल्यात भाषणस्वातंत्र्याच्या आड येते म्हणून रद्द केले. बाकीचा कायदा मात्र बव्हंशी टिकला. पुढे १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की मद्याचा धंदा करण्याचा मूलभूत हक्क नागरिकाला नाही. राज्य तो पूर्ण बंद करू शकते, स्वतःकडे ठेवू शकते किंवा हव्या त्या अटींवर देऊ शकते. म्हणजे या प्रश्नावर कोर्टाची पायरी चढून उपयोग नाही. अटी कोणत्या असाव्यात आणि कोणाच्या सोयीच्या असाव्यात हे ठरवण्याचा सगळा अधिकार विधिमंडळाकडे आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

या अटी आजवर कोणाच्या सोयीच्या राहिल्या, याचा इतिहास कोकणाइतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. मुंबई अबकारी कायदा आला १८७८ साली. त्याआधी ठाणे, कुलाबा (आजचा रायगड), रत्नागिरी या जिल्ह्यांत मोहाची दारू आणि माडाची ताडी गावोगावी निघत होती आणि कर गोळा करणाऱ्या सरकारला ती मोजता येत नव्हती. नव्या कायद्याने गावची भट्टी बंद केली आणि दारू गाळण्याचे काम उरणसारख्या ठिकाणी सरकारी देखरेखीखाली एकवटले. ताडीच्या झाडाला स्वतंत्र कर लागला. स्वतःच्या आवारातल्या माडाला हात लावायलाही परवाना लागू लागला. दारू कमी व्हावी म्हणून हे झाले नाही. लिटरमागे जास्त महसूल निघावा आणि तो मूठभर मक्तेदारांकडून एकरकमी वसूल करता यावा म्हणून झाले. मीठ, अफू आणि अबकारी ही खाती सरकारने एकाच कमिशनरच्या हाताखाली ठेवली होती, त्यामागेही हाच हिशेब होता. त्याच वर्षीच्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्यातले मीठसुद्धा इंग्रजांच्या मक्तेदारीखाली गेले.

१८९२ चा मोहवा कायदा त्याहून पुढे गेला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करणे, विकणे, जवळ बाळगणे यांवरच निर्बंध आले. मोहफूल हे टंचाईच्या दिवसांत कातकरी, ठाकर, वारली यांचे अन्न होते. ते भाजून, उकडून, भाकरीत घालून खाल्ले जाई. उरणच्या भट्ट्यांना लागणारा मोह पंचमहालातून येत राहिला आणि झाडाखाली पडलेले फूल वेचणारी स्थानिक बाई गुन्हेगार ठरली. एका पेयावरचा महसूल वाचवण्यासाठी एका समाजाच्या ताटातले अन्न कायद्याच्या कक्षेत ओढले गेले. आज बोंडूचे जे चालले आहे त्याचे मूळ आम्हाला इथे दिसते.

१९४९ चा कायदा वेगळ्या हेतूने आला हे आम्ही मानतो. गांधीजींचा आग्रह होता, घटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये दारूबंदीचे मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि तो कायदा करणाऱ्यांची कळकळ खरी होती. पण कायद्याचे नाव दारूबंदीचे राहिले आणि कामकाज हळूहळू अबकारीचे झाले. २०१७ साली वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा पिण्याचे मद्य त्याबाहेर ठेवले गेले. तेव्हापासून राज्याच्या स्वतःच्या हातात जी थोडी मोठी उत्पन्ने उरली आहेत त्यांत मद्य आहे. उसाच्या मळीपासून स्पिरिट बनते, मळी साखर कारखान्यात तयार होते, आणि साखर कारखाना व सत्ता यांचे नाते महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत सरकारने दिलेल्या सवलती एका ओळीत लावून पाहा. २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आले आणि नाशिक-सांगलीच्या वाइनला उत्पादन शुल्कात माफी मिळाली. २००७ साली ज्वारी, बाजरी, मका यांपासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान देण्याचे धोरण झाले. ते कारखाने कोणाकोणाच्या घरचे आहेत यावर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली, ती विरोधामुळे अमलात आली नाही. १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या 'विदेशी' मद्यावरचे (व्हिस्की, रम वगैरे) शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले, देशी मद्यावरचे प्रूफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ रुपयांवर नेले आणि 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा वर्ग तयार केला. या वर्गात फक्त धान्यापासून बनलेले आणि राज्यातल्याच उत्पादकांचे मद्य बसते. १८० मिलीची किमान किंमत १४८ रुपये. सगळे मिळून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांची वाढ अपेक्षित धरली गेली.

द्राक्षाला माफी, धान्याला अनुदान आणि आता स्वतंत्र वर्ग. द्राक्ष, ज्वारी, मका ही सगळी शेतकऱ्याचीच पिके आहेत आणि त्यांच्याबद्दल आमच्या मनात आकस नाही. पण 'महाराष्ट्रात बनलेले मद्य' असे नाव देताना सिंधुदुर्गातल्या फळाला दार बंद का राहिले? बोंडूमागे कारखाना नाही, कारखान्यामागे संचालक मंडळ नाही, आणि अधिवेशनाच्या काळात मुंबईत ठाण मांडून बसणारी संघटना नाही. आम्हाला दुसरे कारण सापडत नाही.

काजूच्या मद्याला आजही परवाना मिळू शकतो असे उत्तर विभागाकडून येते, आणि कागदावर ते बरोबर आहे. २०२२ साली मंत्रिमंडळाने काजूबोंड आणि मोहफुलांच्या मद्याला 'विदेशी मद्या'च्या वर्गात घेतले. पण ती वाट कारखानदाराची आहे. आसवनी, म्हणजे मद्य गाळण्याचा कारखाना, म्हटली की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लाल श्रेणीतली संमती, बंधपत्रित गोदाम, कुलूपबंद टाक्या, प्रवाहमापक, कॅमेरे, आणि परवानाधारकाच्या खर्चाने तैनात केलेला उत्पादन शुल्काचा कर्मचारी. साखर कारखान्याच्या आसवनीत दिवसाला ३० ते ६० हजार लिटर स्पिरिट निघते, तिथे हे सगळे रास्त आहे. बोंडूचा हिशेब मांडू. ७ बाय ७ मीटरवर लावलेल्या एक हेक्टर बागेत सुमारे २०० कलमे बसतात. झाडामागे ६ किलो बी धरली तर १२०० किलो बी आणि सहापट म्हणजे ७ टनांहून थोडा जास्त बोंडू. त्यातला चांगला, न फुटलेला, वेळेत गोळा झालेला निम्मा धरा. १०० किलो बोंडूपासून ६० ते ६५ लिटर रस निघतो. रसात १० ते १२ टक्के साखर, म्हणून आंबल्यावर अल्कोहोल ५ ते ६ टक्के. दोनदा गाळून, तूट धरून, ४२ टक्के कसाचे साधारण ६ लिटर मद्य हाती येते. म्हणजे हेक्टरी हंगामाला दोनशे लिटरच्या आसपास. मोठी आसवनी सकाळच्या चहाच्या वेळेपर्यंत त्याहून जास्त काढते. दोनशे लिटरसाठी कॅमेरे, टाक्या आणि पगारी पहारेकरी ठेवायला सांगणारा नियम हा प्रत्यक्षात मनाईचा नियम आहे.

मद्य घरच्या भट्टीत काढले तर ते विषारी होईल, हा आक्षेप खरोखर गंभीर आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

चांगल्या भट्टीत काम असे चालते. झाडावरून आपणहून गळलेला पिकलेला बोंडूच घ्यायचा. काठीने झोडलेला कच्चा बोंडू तुरट आणि कमी साखरेचा असतो. बी काढून, धुऊन, त्याच दिवशी ठेचायचा आणि रस फडक्यातून गाळून चोथा वेगळा करायचा. हे गाळणे महत्त्वाचे, कारण विषारी मिथेनॉल येते ते गरातल्या पेक्टिनपासून. चोथ्यासकट आंबवलेल्या रसात ते जास्त बनते. रस मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात दोन ते तीन दिवस आंबतो. फेस वर येतो, मग बसतो, बुडबुडे थांबतात. फेस बसला की त्याच दिवशी भट्टी लावायची. एक दिवस उशीर झाला की शिरक्याचा वास येतो आणि ते आम्ल मद्यात उतरते. तांब्याचे भांडे तीन-चतुर्थांशच भरायचे, झाकणाचा सांधा वारुळाच्या मातीने आणि फडक्याने लिंपायचा, जाळ मंद ठेवायचा. जाळ वाढला की रस उफाळून नळीत शिरतो आणि धार गढूळ, करपट येते. पहिल्या गाळपात कमी कसाची हुर्राक मिळते. ती ताज्या रसात मिसळून दुसऱ्यांदा गाळली की फेणीच्या तोडीचे मद्य.

'पहिल्या धारेची' हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द झाला आहे, आणि हे कौतुक चुकीचे आहे. सुरुवातीच्या धारेत ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेटसारखी उग्र, डोके उठवणारी द्रव्ये असतात. १०० लिटरच्या भट्टीत पहिली पाव ते अर्धा लिटर धार बाजूला काढून चूल पेटवायला वापरावी. पण ती काढली म्हणजे सगळे मिथेनॉल गेले असेही समजू नये. मिथेनॉल धारेत शेवटपर्यंत थोडे थोडे येत राहते. त्यावर उपाय सुरुवातीचा, म्हणजे चोथा रसात न राहू देणे. भांड्याची काळजी तितकीच. प्रत्येक गाळपानंतर तांबे आतून आमसुलाने किंवा चिंचेने घासून, भरपूर पाण्याने धुऊन, उपडे वाळवायचे. ओले ठेवले की हिरवा गंज चढतो आणि पुढच्या गाळपात तो मद्यात येतो. सांध्याला शिशाचा डाख अजिबात नको, कारण आंबट वाफ शिसे विरघळवते.

या यादीतली प्रत्येक गोष्ट करायला वेळ लागतो आणि उजेड लागतो. लपवलेल्या भट्टीकडे दोन्ही नसतात. रानात ओढ्याकाठी चोरून लावलेल्या भट्टीत तांब्याच्या जागी लोखंडी पिंप येते, कारण छाप्यात जप्त झाले तर फारसे नुकसान नाही. तीन दिवस थांबण्याऐवजी नवसागर आणि काळा गूळ घालून एका दिवसात आंबवले जाते, कारण तीन दिवस एका जागी राहणे धोक्याचे. पहिली धार फेकली जात नाही, कारण प्रत्येक थेंब जोखमीने मिळवलेला असतो. आणि सामूहिक मृत्यूची मोठी प्रकरणे तर भट्टीत घडलेलीच नाहीत. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी वस्तीत शंभराहून अधिक माणसे मेली, ती औद्योगिक मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. फळाच्या रसातून तेवढे मिथेनॉल निघूच शकत नाही. ते ड्रममधून येते, आणि त्याला बाजार मिळतो कारण कायदेशीर दारू करामुळे महाग आणि घरची दारू बेकायदा आहे.

माडाचे दुखणे थोडे निराळे आहे. पोय (माडाचा फुलोरा) कोवळी असताना ती पट्टीने आवळायची, लाकडी ठोकळ्याने रोज हलके ठोकायची, टोक दिवसातून दोनदा पातळ तासायचे. दोन-तीन आठवड्यांनी रस धरतो आणि चांगला माड दिवसाला एक ते दोन लिटर देतो. मडक्याला आतून चुना लावला तर रस काही तास गोड राहतो, त्याला कायदा नीरा म्हणतो. ऊन चढले की तोच रस माडी होतो आणि कायदा बदलतो. माणूस तोच, मडके तेच, फक्त घड्याळ पुढे गेलेले. भंडारी समाजाची ही पिढीजात कारागिरी आज परवान्यातल्या झाडांच्या आकड्यावर आणि दुकानांच्या लिलावावर टांगलेली आहे. लिलावात दुकान चढ्या बोलीने घेतलेल्याला ती रक्कम वसूल करावी लागते, आणि परवान्यातली झाडे तेवढा रस देत नाहीत. ही फट क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे रसायन मिसळलेल्या पांढऱ्या पाण्याने भरली जाते. राज्यात अशा ताडीच्या धाडी वारंवार होतात, पण लिलावाची पद्धत कोणी बदलत नाही.

दारूने घर कसे मोडते हे कोकणातल्या बाईला कोणी सांगायची गरज नाही. पगाराच्या दिवशी दुकानासमोर उभी राहणारी तीच असते. म्हणूनच बाटली आडवी करण्याच्या मतदानाचा अधिकार आम्हाला मोलाचा वाटतो. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ठरवले तर परवाना असलेले दुकान बंद होते. आमच्या मागणीत हा अधिकार जसाच्या तसा राहावा, आणि घरगुती भट्टीलाही लागू व्हावा. गावातल्या बायकांनी नको म्हटले तर त्या गावात भट्टी नको. तो निर्णय गावाचा असेल, आणि तो आम्ही मानू. मंत्रालयात बसून उसाच्या स्पिरिटला हो आणि बोंडूला नाही म्हणणारा निर्णय मात्र आम्हाला मान्य नाही. सरकार खरोखर दारूबंदी करणार असेल तर ती सर्वांना सारखी करावी. तेव्हा आम्हीही भांडी मोडीत घालू.

आता नेमके काय हवे ते.

सातबाऱ्यावर आणि ई-पीक पाहणीत काजूची नोंद असलेल्या बागायतदाराला हंगामी नोंदणी मिळावी. परवाना नको, नोंदणी हवी. परवाना अधिकाऱ्याच्या मर्जीने मिळतो, नोंदणी अटी पुरवल्या की व्हायलाच हवी. भांडे १०० लिटरपर्यंतचे, तांब्याचे, त्यावर ठोकलेला क्रमांक. मुदत १५ फेब्रुवारी ते १५ जून, त्यानंतर भांड्याच्या तोंडाला मोहोर. उत्पादनाची मर्यादा हेक्टरी २०० लिटर आणि एका कुटुंबाला फार तर ५०० लिटर, म्हणजे पाठीमागून कोणी व्यापारी दहा गावांचा बोंडू गोळा करून छोट्याच्या नावाने कारखाना चालवणार नाही. ही मर्यादा आमच्याच मागणीत आहे, ती सैल करू नका. शुल्क भांड्यामागे एकरकमी असावे. लिटरमागे शुल्क लावले की लिटर लपवले जातात.

घरच्या वापराला ठराविक लिटर आणि बाकी विक्री फक्त नोंदणीकृत सहकारी संकलन केंद्रामार्फत, जिथे प्रत्येक कॅनचा कस हायड्रोमीटरने मोजला जाईल आणि नमुन्याची मिथेनॉल, तांबे व शिसे यांसाठी तपासणी होईल. मिथेनॉलची क्रोमोट्रॉपिक आम्लाची चाचणी कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशाळेत होऊ शकते. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र जिल्ह्यातच आहे. त्याने काजूची वाणे दिली, आता भट्टीची स्वच्छता शिकवण्याचे कामही त्याच्याकडे द्यावे. नमुना घेताना दोन मोहोरबंद बाटल्या, एक विभागाकडे, एक बागायतदाराकडे. आज एकच बाटली जाते आणि अहवाल येईल तेव्हा येतो.

गोव्याची पद्धत उचलून आणा असे आमचे म्हणणे नाही. तिथे काजूच्या पट्ट्यांची पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि जिथे पावणी असते तिथे बोली लावू शकणाऱ्याचा वरचष्मा राहतो. छोट्याने मग बोंडू त्याच्या भावाने द्यायचा. आम्हाला लिलाव कुठल्याच टप्प्यावर नको.

आणि कलम १०३. नोंदणी झालेल्या बागायतदाराच्या बाबतीत हे गृहीतक लागू होणार नाही असे एक परंतुक कलमाखाली घाला. दोन ओळींचे काम आहे. पंचनामा गावातल्याच पंचांसमोर व्हावा, आणि जप्त भांडे गुन्हा सिद्ध होण्याआधी फोडले जाऊ नये. शंभर लिटरचे तांब्याचे भांडे घडवायला लागणारे तांबे आजच्या भावाने छोट्या बागायतदाराची वर्षाची बचत खाऊन टाकते.

ही दुरुस्ती मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आणली तर पहिला हंगाम हातचा जाईल, तोवर निम्मा बोंडू पडलेला असतो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधेयक आले, नियम जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघाले आणि नोंदणी तलाठ्याकडे सुरू झाली, तर तांबटाला भांडी घडवायला महिना मिळतो. नियमांचा मसुदा करताना भट्टीची मापे, सांधे आणि तपासणीचा क्रम यांबद्दल जे विचारायचे ते विचारा. कुडाळला, सावंतवाडीला किंवा मुंबईला, जिथे बोलवाल तिथे भांड्यासकट येऊ.

आपले,
वेंगुर्ला, सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील काही काजू आणि माडाचे बागायतदार